संत्र्याचा टोस्ट आणि ताईचा रविवार

ताई डोंबिवलीला राहते, मी ठाण्यात, कोलशेतला. आई गेल्यापासून बाबा ताईकडे असतात. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ते वॉकर धरून चालतात. डोकं शाबूत आहे आणि जीभ त्याहून शाबूत. मदतीला ठेवलेल्या मावशा त्यांनी एकामागून एक पळवून लावल्या. एकीच्या चहाला वास यायचा, दुसरी फोनवर फार बोलायची, तिसरी काहीच बोलायची नाही. राहता राहिली ताई. तिच्याबद्दल मात्र त्यांची कधी तक्रार नसते.

बाबांना काही दिवस माझ्याकडे पाठव, हे मी ताईला कितीदा म्हणाले असेन. ती "बघू" म्हणायची. फोनवर तिच्याशी धड बोलताच येत नाही. दोन वाक्यं होतात न होतात तोच मागून हाक येते, "माझा चष्मा कुठाय?" आणि ही फोन ठेवते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी तिला घरी बोलावलं. एकटीला. भावजी बाबांजवळ थांबणार होते. उशिरा, निवांत काहीतरी खायचं आणि मग समोरासमोर बसून हा विषय मिटवायचा, असं ठरवलं होतं.

खायला काय करायचं याचा मी जरा जास्तच विचार केला. पोहे घ्या, थालीपीठ घ्या, डोसे घ्या, एकीला गॅसपाशी उभं राहावंच लागतं. ताई पाहुणी म्हणून आली तरी पाच मिनिटांत कालथा तिच्या हातात असतो. मला आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काही हवं होतं. ऑफिसातल्या एका मुलीने मागे डब्यात संत्र्याच्या स्वादाचा फ्रेंच टोस्ट आणला होता. म्हणजे आपला दुधा-अंड्यात भिजवलेला गोड ब्रेडच, पण तव्यावर परतायचा नाही. ट्रेमध्ये रचायचा, रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचा आणि सकाळी ओव्हनमध्ये ढकलायचा. तिने कृती सांगितली ती इतकी सोपी वाटली, की आधी एकदा करून बघावं असंही मला वाटलं नाही.

शनिवारचा अख्खा दिवस त्या सोप्या कृतीत गेला. ब्रेड जाड कापलेला हवा आणि जरा शिळा हवा. बेकरीत अख्खा ब्रेड मागितला, तर मी पाकीट काढेपर्यंत बेकरीवाल्याने सवयीने तो मशीनमध्ये घालून पातळ कापून दिला. दुसऱ्या बेकरीत मिळाला, पण इतका ताजा की अजून गरम होता. घरी आणला, जाड कापला, वाळायला ताटात पसरला. नवरा बाहेरून आला आणि त्यातले काही तुकडे चहात बुडवून खाऊन मोकळा झाला.

"मला वाटलं उरलाय," तो म्हणाला.

"उरलेला ब्रेड ताटात असा मांडून ठेवते का मी?"

मग संत्री. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसायचा, खालचा पांढरा आला की कडू. आपली संत्री सैल सालीची. किसणीवर धरली की साल आत दबते आणि बोटंच किसली जातात. शेवटी साली काढल्या, सुरीने पांढरा भाग खरवडला आणि उरलेलं बारीक चिरलं. लिंबाची साल तेवढी नीट किसली गेली. त्यानंतर मी अंडी घातलेल्या दुधात संत्र्याचा रस ओतला, वर अर्धं लिंबू पिळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं फाटलं. इतकी वर्षं घरी पनीर करणारी बाई मी! ते ओतून दिलं. नवी अंडी, नवं दूध, साखर, जायफळ, साल, आणि रसाचा एक थेंब नाही. रस वेगळा ठेवून त्याचा साखर घालून पाक केला. ट्रेसाठी फ्रीजमधला कप्पा रिकामा करताना कढीचं भांडं कलंडलं, त्याबद्दल काही लिहीत नाही.

रविवारी सकाळी नवऱ्याला मी बाहेर पिटाळलं, तोच ताईचा फोन.

"अगं, आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागलीय अचानक. हे सेक्रेटरी, त्यांना जावंच लागणार. मी काही येत नाही आता."

"बाबांना घेऊन ये."

"एवढ्या लांब?"

"गाडीत बसूनच यायचंय ना? विचार त्यांना."

तिने विचारलं. मागून बाबांचा आवाज ऐकू आला, "खायला काय आहे?" आणि मग ते यायला तयार झाले. माझ्या बोलण्याच्या बेताचं काय होणार ते मला तिथेच कळलं, पण ताई निदान चार तास घराबाहेर तरी पडेल, अशी मनाची समजूत घातली.

माणकोलीचा पूल ओलांडला, असा तिचा मेसेज आल्यावर मी ओव्हन लावला. टोस्ट सुंदर फुलला. कडा तांबूस झाल्या, घरभर संत्र्याचा वास सुटला. ते दोघं मात्र पुढे कंटेनरच्या रांगेत अडकले. दारावरची बेल वाजली तोवर टोस्ट मधोमध खाली बसला होता आणि माझा चेहरा पडला होता.

बाबा वॉकर टेकत आत आले. मागे ताई, हातात त्यांची उशी, खांद्यावर पिशवी. पिशवीतून तिने आधी डबा काढला.

"उपमा आणलाय. बाबांना तुझं ते नाही चाललं तर."

मी डबा टेबलाच्या टोकाला ठेवला. पानं वाढली. बाबांनी तुकडा काट्याने उलटापालटा करून पाहिला.

"अंडं, आणि गोड?"

"खाऊन तर बघा."

त्यांनी खाल्लं. "वास खोकल्याच्या औषधासारखा आहे," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला. उपम्याच्या डब्याला हात लावला नाही.

ताई बसलीच नाही. त्यांचा टोस्ट बारीक करून दे, पाणी कोमट करून आण, नॅपकिन शोध. मी पाक गरम करत होते तेवढ्यात ती सिंकपाशी उभी राहून माझा ओव्हनचा ट्रे घासायला लागली. उभ्या उभ्या एक घास तोंडात टाकून म्हणाली, "छान झालंय गं." तिला चव कळलीसुद्धा नसणार.

माझा बांध फुटला. "ताई, बस ना गं एकदा! कालपासून मी हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच केलाय, की तुला उठायला लागू नये."

"अगं पण त्यांचं पाणी..."

"पाणी मी देईन. माझेही वडील आहेत ते!"

आवाज जरा मोठाच झाला असावा. बाबा बशीत बघत राहिले. ताईने नळ बंद केला, हात पुसले.

"बसले ना, की मग उठवत नाही मला," ती हळूच म्हणाली. "म्हणून बसत नाही."

मी तिच्या हातात बशी दिली आणि तिला सोफ्यावर नेऊन बसवलं. बाबांना पाक वाढून मी वळून पाहिलं, तर तिची मान मागे कलली होती आणि मांडीवरची बशी तिरकी झाली होती. मी अलगद बशी काढून घेतली. ती हललीही नाही.

टेबलापाशी बाबा आणि मी उरलो. मी कुजबुजत म्हटलं, "थोडे दिवस माझ्याकडे या, बाबा."

"इथे मला करमणार नाही."

"तिच्याकडे बघा जरा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "ही घोरायला कधीपासून लागली?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

थोड्या वेळाने ते खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्यांनी ताईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी नेते," मी म्हटलं.

"तू नको."

"मग तिला उठवू?"

त्यांनी वॉकर जवळ ओढला. शेवटी म्हणाले, "चल."

बाथरूममध्ये त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पायजम्याच्या नाडीची गाठ मला काही केल्या सुटेना. ते चिडले, "नखाने नको, बोटाने ओढ." मी चिडले, "अशी घट्ट मारलीच कशाला?" दोघंही कुजबुजतच भांडत होतो. गाठ एकदाची सुटली. परत येताना त्यांनी वॉकरबरोबर माझा दंडही धरला होता. इतका घट्ट, की दुखत होतं.

ताई जागी झाली ती दचकून आणि रागावूनच. "उठवलं का नाहीस मला? त्यांच्या गोळ्या?"

"दिल्या."

"बाथरूम?"

"नेलं मी."

तिने बाबांकडे पाहिलं. "गाठ सोडता येत नाही तिला," बाबा म्हणाले. ताईने लगेच गाडी बोलावली. मी उरलेला टोस्ट डब्यात भरून दिला, तो तिने घेतला. आणि उपमा माझ्याकडेच ठेवला. मला जे बोलायचं होतं त्यातलं एक अक्षर मी तिच्याशी बोलले नव्हते.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज घुश्शातला.

"बाबा म्हणतायत, पुढच्या महिन्यात आठ दिवस तुझ्याकडे येतो. मी काही म्हटलेलं नाही हं, तेच म्हणतायत. बाथरूममध्ये धरायला दांडा लावावा लागेल. रात्री दोनदा उठतात. चहा त्यांच्याच पावडरचा लागतो. तुला जमेल?"

"जमेल."

"मला नाही वाटत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला इतका संताप आला, की मी तशीच उठले आणि आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं.