बाईंना घाई नव्हती

तबकडी संपली की आमचे चेलोमास्तर उठून नमस्कार करायचे. ग्रामोफोन नवीन होता त्या काळात गाणारी मंडळी गाणं संपताच मोठ्यांदा आपलं नाव सांगत आणि तेही तबकडीत उतरे. मास्तरांच्या लेखी ती रीतसर ओळख होती. शंभर वर्षांपूर्वीची कुणी बाई खरखरीतून नाव सांगे आणि ठाकूरद्वारच्या खोलीत हा लेंगा-बनियनमधला माणूस हात जोडून म्हणे, "नमस्कार बाई, बसा." मला हसू यायचं. "हसतोस काय रे? घरी आलेल्या माणसाला बस म्हणायला नको?" असं वर मलाच ऐकवत.

उभं आयुष्य त्यांनी सिनेमाच्या गाण्यांमागे चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ, वाजवला. नायिका रडू लागली की मागून जो खोल, लांबलचक सूर यायचा, तो कित्येकदा त्यांचा असे. नाव मात्र कुठेच नाही. पुढे ते काम एकटा कीबोर्ड करू लागला आणि मास्तर घरी बसले. ते कडवट झाले नाहीत असं म्हटलं तर खोटं ठरेल. चांगलेच कडवट झाले. शेजारच्या टीव्हीवर आपण वाजवलेलं गाणं लागलं की धाडकन खिडकी लावून घेत.

त्याच दिवसांत चोरबाजारात त्यांना एका जुन्या गायिकेची तबकडी मिळाली; तिला ते नुसतं 'बाई' म्हणत. आवाज बारीक, टोकदार, आणि ताना तर अशा की जणू कुणीतरी पाठीस लागलंय. "तबकडी तीन मिनिटांची, तेवढ्यात सगळं सांगून टाकायचंय तिला. जीव घेऊन पळतेय बघ," मास्तर म्हणायचे. त्या घाईवर ते चेलोसाठी नवं संगीत रचायला बसले. नक्कल करायची नव्हती. "बाईंनी विचारलंय, मी उत्तर देतोय," असं सांगत. चेलोच्या तारा ताणून बाईंच्या सुराला सूर लावायचा, ऐकायचं, थांबायचं, आपलं काहीतरी वाजवून बघायचं. वर्षानुवर्षं हेच. एकच इच्छा होती. ही एक रचना पुरी करायची, ध्वनिमुद्रित करायची आणि जुन्या लोकांसारखं शेवटी नाव सांगायचं. "एकदाच सांगणार, पण ठणकावून."

मी लालबागचा, भजनात पेटी वाजवणारा, त्यांच्याकडे तबकड्या ऐकायला जाणारा. रचना पुरी झाली तेव्हा मास्तरांनी मला बोलावलं. "बाईंच्या मागे पेटी आहे, माझ्याही मागे पाहिजे." त्यांनी तबकडी लावली आणि मी सूर शोधू लागलो. पांढरी दाबली, काळी दाबली. सूर दोघींच्या मधेच कुठेतरी.

"मास्तर, हा सूर माझ्या पेटीत नाहीये."

"मग पेटी दुरुस्त करून आण."

"पण बाईंच्या मागेही पेटीच वाजतेय ना? तिच्यात कुठून आला?"

चेलोला पट्ट्या नसतात, बोट हवं तिथे सरकतं. त्यामुळे इतक्या वर्षांत मास्तरांना शंकाच आली नव्हती. त्या काळी सगळ्या तबकड्या एकाच वेगाने भरत नसत, आणि संथ भरलेली तबकडी जोरात फिरवली की आवाज चढतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा चेहरा बघून मी सारवासारव केली, तेव्हाच्या पेट्या वेगळ्या लावत असतील म्हणून. तोवर ते ग्रामोफोनचा वेग कमी करणारा स्क्रू फिरवू लागले होते.

आवाज खाली उतरत गेला आणि माझ्या पट्टीवर येऊन ठेपला. भरदार, निवांत आवाज. बाई कुठेच पळत नव्हत्या. आपल्या घरी मांडी घालून बसल्यासारख्या गात होत्या.

"हिला कसली घाईच नव्हती रे," मास्तर म्हणाले. मग स्क्रूवरचा हात काढून म्हणाले, "मी यंत्राला उत्तर देत बसलो."

बाईंनी शेवटी नाव सांगितलं. त्या दिवशी मास्तर उठले नाहीत.

मी पेटी नेली नसती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी जुनं सगळं टाकून दिलं आणि नव्याने सुरुवात केली, संथ, खालच्या सुरात. नवं खरोखर फार सुंदर होतं. पण खालच्या सुरांच्या जाड तारा दाबायला बोटांत जोर लागतो आणि मास्तरांची बोटं संधिवाताने वाकत चालली होती. एका दुपारी म्हणाले, "फोनवर घे, जमेल तेवढं." वाजवू लागले तेव्हा बाईच खोलीत आल्या असं वाटलं. मग एका जागी बोट उठलं ते पुन्हा बसेना. मी फोन धरून थांबलो. काही सुचेना म्हणून म्हणालो, "मास्तर, नाव सांगा."

"पुरं झाल्यावर सांगायचं असतं."

पुरं झालं नाही. गणपतीच्या आधी ते गेले. चेलोचं काय झालं हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी एकटा असलो की मी फोनवरचं ते वाजवणं ऐकतो. सूर तुटतो, मास्तरांचा श्वास ऐकू येतो, मग माझा तो खुळा आवाज आणि त्यांचं उत्तर. माझे हात आपोआप उठतात आणि तसेच राहतात. नमस्कार नाव सांगितल्यावर करायचा. म्हणूनच इथेही त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही. त्यांनी ते सांगितलं नव्हतं.