वणी सांगून भंडारदरा

भंडारदऱ्याला कसं जायचं, किती दिवस काढायचे, राहायचं कुठं, असं मला बरेच जण विचारतात. वयाच्या मानानं मी फार फिरते, म्हणून. रस्ता सांगते, सगळं सांगते. पण तिथं मी पहिल्यांदा गेले ती हकिगत आधी सांगावी लागेल, कारण तो रस्ता आठवला की मला धरण नंतर आठवतं, आधी लाज आठवते.

१९७२ सालचा माघ महिना. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. आमचे हे नगरजवळ भिंगारला लष्करी कचेरीत कारकून. आम्ही तिथंच एका चाळवजा गल्लीत राहायचो, हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाई पाथर्डीकडच्या, शेतातून थेट भिंगारच्या दोन खोल्यांत आलेल्या. नव्या जोडप्यानं हवा खायला डोंगरावर जायचं, हे त्यांच्यापुढं बोलण्याची कुणाची छाती नव्हती. एकदा ह्यांनी आडून आडून विषय काढला, तर म्हणाल्या, "हवा खायला? हितं काय हवा न्हाई व्हय? सकाळधरनं डोळ्यात धूळ चाललीय!"

मग एके दिवशी जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "आई, लग्नानंतर वणीच्या देवीला जायचं राहिलंय. तीन दिवसांत जाऊन येतो."

आत्याबाई खूश. मीही खूश. सप्तशृंगीचा गड मी पाहिलेला नव्हता.

आपल्याकडं कुणी देवाला निघालं की ते एकटं निघत नाही, हे नगरच्या माणसाला सांगायला नको. ज्यांना जायला जमत नाही ते आपली ओटी, आपला नारळ जाणाऱ्याच्या हाती देतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. कुणाच्या लेकीला मूल होत नव्हतं, कुणाच्या दिराची नोकरी सुटली होती. "आईच्या पायाशी ठेव गं," म्हणत एकेक जण पिशवीत टाकत गेली. पिशवी एवढी जड झाली की ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ओझं उचलायचा कंटाळा आला असेल.

सगळ्यात शेवटी शालन आली. पलीकडच्या खोलीतली, माझ्याच वयाची. तिचा नवरा फौजेत. डिसेंबरात लढाई झाली, संपली, सगळीकडं पेढे वाटून झाले, आणि त्याची काहीच खबर नव्हती. शालन ओटीबरोबर हिरवा चुडा घेऊन आली होती.

"वहिनी, आईला सांगा, माझं कुकू राहू दे. तो आला की मी सोता येऊन साडी नेसवीन."

"सांगते."

"तसं न्हाई. नाव सांगावं लागंल. फौजेत काय येकच मानूस हाय? तिला कळाया पायजे कोन त्ये."

पण नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? त्या काळी आम्ही कुणीच घेत नसू. ती दारापर्यंत गेली, परत आली, पदर तोंडावर धरला आणि माझ्या कानात नाव सांगितलं. कानाला तिचा श्वास गरम लागला. ते नाव मी तुम्हालाही सांगणार नाही.

पहाटेच्या एसटीनं निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी करत संगमनेर. स्टँडवर चहा आणि भजी खाल्ली. भजी अजूनही तिथं चांगली मिळतात. मी नाशिकच्या गाडीची पाटी शोधत होते, आणि हे पिशव्या घेऊन अकोल्याच्या, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, गाडीकडं चालले.

"अहो, वणीला इकडून?"

"बस तर खरं," म्हणाले. गाडी सुटल्यावर, कंडक्टरनं तिकिटं फाडल्यावर, खिडकीकडं बघत सांगितलं, "आपण भंडारदऱ्याला चाललोय. विश्रामगृहाची चिठ्ठी मिळवलीय ओळखीनं. तुला आवडेल."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग मांडीवरची पिशवी बघितली. भर गाडीत ओरडले मी, "अहो, ह्या ओट्यांचं काय करायचं? धरणात सोडायच्या?" पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हे हळूच म्हणाले, "मला काय माहीत सगळी गल्ली लोटेल! मी आपलं आईपुरतं बोललो होतो." म्हणजे खोटं बोलायचं ते देवीच्या नावानं, आणि वर लोकांनी श्रद्धा ठेवली म्हणून त्यांचंच चुकलं! राजूर येईपर्यंत मी त्यांच्याकडं पाठ करून बसले.

आता रस्त्याचं सांगते. अकोल्यापर्यंत उसाचा हिरवा पट्टा, राजूरनंतर डोंगर अंगावर येतात. शेंडी गावात उतरायचं, धरण तिथंच. तेव्हा विश्रामगृह सोडलं तर राहायला काही नव्हतं. आता तंबू आहेत, हॉटेलं आहेत, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी जा. रंधा धबधबा बघायचा तर श्रावणात जा. माघात आम्ही पाहिला तेव्हा दोन धारा तेवढ्या होत्या.

आणि ते पाणी! त्या वर्षी नगरला विहिरींनी तळ दाखवला होता, आम्ही एका बादलीत दोघांच्या आंघोळी उरकत होतो. इथं नजर पोचेल तिथपर्यंत निळं पाणी, काठाला लाटा. एरवी मी नाचले असते. पण मला वाटत राहिलं की कुणीतरी मला इथं बघतंय. खानसाम्यानं विचारलं, "साहेब, कोंबडी करू?" हे हो म्हणणार तेवढ्यात मी म्हणाले, "खोलीत देवीच्या ओट्या आहेत. पिठलं-भात करा." ह्यांनी गपगुमान खाल्लं.

सकाळी व्हरांड्यात बसले असताना समोरचा डोंगर धुक्यातून मोकळा झाला. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, वर काय आहे? म्हणाल्या, "कळसूबाई. देवीच हाय आमची. आमच्या कोळ्याची पोर. पाटलाकडं कामाला ऱ्हायली तवाच बोलली हुती, भांडी घासनार न्हाई, केर काढनार न्हाई. तरीबी त्यांनी त्येच काम सांगितलं. मंग गेली निघून वर. पुना खाली आलीच न्हाई."

मी उठले. ह्यांना म्हटलं, "पिशवी घ्या. वर जायचंय."

"अगं, ती वेगळी देवी. आणि तो राज्यातला सगळ्यात उंच डोंगर आहे!"

"मग वेगळ्या देवीच्या पाया पडून सांगू, की तुम्ही काय केलंत."

पायथ्याचं गाव बारी. आता कठीण जागी लोखंडी शिड्या आहेत, सकाळी लवकर निघालात तर दुपारी खाली येता, पाणी मात्र भरपूर न्या. आम्हाला शिड्या नव्हत्या. मी नऊवारीचा काचा मारला आणि चपला हातात घेतल्या. हे कचेरीतले, बुटात. पिशवी त्यांच्या डोक्यावर. एका कड्याशी बसून म्हणाले, "थोडे नारळ इथंच फोडू या का? देवी सगळीकडं असते." मी नुसतं बघितलं. परत डोक्यावर घेतली बिचाऱ्यांनी.

वर वारा असा, की पदर धरावा का तोल धरावा कळेना. एवढंसं देऊळ, शेंदूर फासलेली देवी. एकेक ओटी ठेवली, एकेकीचं गाऱ्हाणं सांगितलं. शालनचा चुडा ठेवला आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. वाऱ्यात मलाच ऐकू आलं नाही, म्हणून ओरडून घेतलं. मग रडायलाच आलं. म्हटलं, "बाई, ही ओटी तुझी नाही. पत्ता चुकलाय आमचा. आमच्या खोट्याची शिक्षा शालनला देऊ नकोस." हे मागं उभे होते, ते कानापर्यंत लाल झाले होते. तिथलं कुंकू मी पदराच्या गाठीत बांधलं.

परतीच्या वाटेवर ह्यांनी राजूरला पेढे घेतले आणि संगमनेरच्या स्टँडवर कुंकवाचा पुडा. "गल्लीला प्रसाद नको का? वणीचा म्हणून देऊ. कोण विचारतंय!" मी भांडले, पण थकलेही होते, आणि आत्याबाईंची भीती होतीच. राजूरचे पेढे तुम्हीही जरूर आणा. पेढे म्हणूनच वाटा.

घरी पोचलो तर आत्याबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. देवीहून आलेली माणसं ना! बायका जमल्या. आत्याबाईंनी पिशवीतून पुडा काढला, पाया पडल्या आणि शालनला म्हणाल्या, "ये गं, पयलं तुझ्या कपाळाला लाव. वणीच्या आईचं हाय."

शालननं डोळे मिटले. बोट पुड्यात घातलं.

"थांब!" मी ओरडले. "ते संगमनेरच्या स्टँडवरचं आहे."

मग मी सगळं सांगितलं. कुणीतरी "शी!" म्हणालं. एकीनं हातातला पेढा परत ताटात ठेवला. आत्याबाई मटकन खाली बसल्या. "देवीच्या नावानं फिराया गेल्ता? तोंड दाखवू नका मला," म्हणाल्या. हे भिंतीकडं तोंड करून उभे. भुईनं पोटात घ्यावं असं मला वाटत होतं.

शालन मात्र माझ्या पदराच्या गाठीकडं बघत होती. "उंच हाय का ती?" तिनं विचारलं.

"फार उंच. तिच्यापेक्षा उंच काही नाहीच."

"मंग लांबचं दिसत आसंल तिला," म्हणाली, आणि गाठ सोडून स्वतःच्या हातानं कुंकू लावलं.

तिचा नवरा चैत्रात आला. दवाखान्यात होता; डाव्या हाताची बोटं गेली होती. खबर गावाकडच्या पत्त्यावर गेली होती म्हणून इकडं कळायला उशीर झाला. म्हणजे मी वर ओरडत होते तेव्हा तो जिवंतच होता, कळसूबाईला त्यात काही करायचं नव्हतं, असं हे मला हिशोबानं समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, गप्प बसा.

नवस फेडायला शालननं माझ्याकडून रस्ता विचारून घेतला. संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी, बारी. तुम्हाला सांगितला तोच. "तुमी चला की वहिनी," म्हणाली. मी काहीतरी निमित्त काढून टाळलं. कुठल्या तोंडानं जाणार?

ती दोघं गेली. परत आल्यावर आमच्याकडं आली, आत्याबाईंच्या आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले. मग ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी खोटं बोललात म्हनून बरं झालं." हे डोळे पुसत उठले आणि बाहेर निघून गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नाही.

"आन वहिनी, येक सांगू?" शालन जवळ येऊन बसली. "वर ग्येल्यावर मी त्यांचं नाव घेतलं. मोठ्यानं. त्ये मागंच हुते. आधी लाजले, मंग हसाया लागले."

त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो. पण आजही कुठं निघालो की हे दारात उभे राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, खरं ठिकाण सांगतात. मग मी विचारते, "कुणाची ओटी द्यायची आहे का?" महाबळेश्वरला निघालो होतो, तरी विचारलं होतं.