पापडांचं कोलॅबरेशन

माणसांनी एकत्र येण्याबद्दलचा इंग्रजी शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप पर्सवर जातो. ही सवय मला उगाच लागलेली नाही. कोपऱ्यावरच्या बँकेचं मर्जर झालं तेव्हा 'आपलं कुटुंब मोठं झालं' असा फलक लागला, आणि थोड्याच दिवसांत आमची शाखाच बंद झाली. मी शिकवायचे त्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, आपण सगळे एक टीम आहोत. त्या दिवसापासून माझे रविवार गेले. आणि मुलगा फोनवर मला 'पार्टनर' म्हणाला की त्याला माझ्याकडून काहीतरी हवं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. जोडण्याचे इंग्रजी शब्द त्यांच्याही तोंडी सारखे असतात: जॉइंट, कपलिंग, असेंब्ली. त्या शब्दांवर मात्र माझा विश्वास आहे. कपलिंग ढिलं झालं की खडखडतं, लगेच कळतं. माणसांचं तसं नसतं.

गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत आम्ही पाच जणी दर उन्हाळ्यात सावडीने उडदाचे पापड करतो. शेतात आज याच्या कामाला, उद्या त्याच्या कामाला जातात, तशीच ही सावड. एकेका दिवशी एकेकीच्या घरी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायचं. घरच्या बाईने पीठ भिजवून, कुटून तयार ठेवायचं आणि लाटायला बसण्याआधी प्रत्येकीला तेलात बुडवलेली एक लाटी, म्हणजे त्या कच्च्या पिठाची गोळी, खायला द्यायची. शेवटची पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. काकू लासलगावकडच्या. काका गेल्यापासून एकट्याच राहतात, मुलगी परदेशात असते. वर्षातून तेवढ्या एका दिवशी त्यांचं घर माणसांनी भरतं. त्या दिवशी त्या सकाळपासून दार सताड उघडं टाकून बसतात.

मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या हातून पिठात पापडखार दोनदा पडला. लाटी तोंडात टाकताच जीभ चरचरली. आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं, गोळी गिळली आणि म्हणालो, काकू, तुमच्या हाताची चव काही औरच. त्यांनी वाटून दिलेले पापड घरी तळले तर लालभडक आणि कडू. ते गुपचूप कचऱ्यात गेले. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं?

त्याच सुमाराला पहिल्या मजल्यावर एक नवी शेजारीण राहायला आली होती. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तीही सहावी म्हणून आमच्यात लाटायला यायला लागली. तिचे पापड भारताच्या नकाशासारखे व्हायचे, पण बसायची बिचारी मांडी घालून. यंदा उन्हं तापायला लागली तशी ती मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "ताई, या वर्षी आपण कोलॅबरेशन करूया का?"

झालं. मी पिशवी खाली ठेवली आणि ऐकून घेतलं. घरोघरी पाळ्या नकोत, खालच्या हॉलमध्ये एकाच दिवशी सगळ्यांचे पापड, पीठ एकत्र, कामं वाटून. मी विचारलं, आणि काकूंची पाळी? ती म्हणाली, काकूंनी नुसतं बसायचं, त्या आपल्या सीनियर पार्टनर.

माझ्या मनात पाल चुकचुकली. नुसतं बसायचं म्हणजे एका वर्षात खुर्ची कोपऱ्यात जाते आणि दुसऱ्या वर्षी बोलवायचं राहून जातं. शाळेत मी हे पाहिलंय. त्यात माझ्या लक्षात आलं की बाईसाहेबांच्या चपला दर दोन दिवसांनी काकूंच्या दाराबाहेर असतात, आणि दार लोटलेलं असतं. एकटी म्हातारी, मोक्याच्या जागी घर. मी यजमानांना म्हणाले, आज पापडांचं कोलॅबरेशन, उद्या फ्लॅटचं. ते म्हणाले, संशयाला औषध नाही. मी म्हणाले, नाही तर नाही, मी काकूंना सावध करणार.

गेले तेव्हा काकू गवार मोडत होत्या. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती तुमची पाळी काढून घेतेय, तिचं गोड बोलणं मनावर घेऊ नका, आम्ही चौघी तुमच्या मागे आहोत. काकूंचे हात थांबले नाहीत.

"पाळी तिनं नाय काढली," त्या म्हणाल्या. "मीच तिला म्हनले, माझ्या घरी नको."

मी नुसतं 'का' म्हणाले.

"गेल्या साली तुम्ही गेल्यावर मी पापड तळले ना. मलाबी जीभ हाय. मंग एकेकीला जिन्यात गाठून इचारलं, कसे झाले? तू म्हनली लय छान. चौघीबी तेच म्हनल्या. तिला इचारलं तर ती म्हनली, काकू, खार जास्त झालाय, मला खाववले नाहीत." त्यांनी एक शेंग चाचपली आणि बाजूला टाकली. "तवापासून तुमचं कोनाचंच खरं वाटत नाय मला. बऱ्या दिसता म्हनता, भाजी चांगली झाली म्हनता. त्यातलं खरं कोनतं? ती येती, मी मूठभर पीठ भिजवते, ती चाखून सांगती. तेवढंच खरं कळतं मला."

मला राग आला. आधी त्या बाईचा आला, कारण तिने खरं सांगून टाकलं होतं. मग तो कुणावर काढावा ते कळेना. म्हणजे वर्षभर संशय घेत बसल्या होत्या त्या काकू, आणि तोही आमच्यावर. चौघींनी काही न ठरवता, एका सुरात, एकीनेही न चुकता खोटं सांगितलं होतं. याला इंग्रजीत टीमवर्क म्हणत असावेत. आमच्यातलं कपलिंग केव्हाचं निसटलं होतं आणि आवाज झाला नव्हता. मला फार लाज वाटली.

मी म्हणाले, काकू, शेवटची पाळी तुमच्याकडेच. मी हॉलमध्ये येणार नाही. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मंग लाटी खाऊन खरं सांगशील?" मी हो म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

त्यांच्या पाळीच्या दिवशी दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. पहिल्या मजल्यावरची आमच्याही आधी येऊन बसली होती. काकूंनी पहिली लाटी मला दिली आणि समोरच उभ्या राहिल्या. जीभ चरचरली नाही. पीठ चांगलं होतं, सहज 'छान' म्हणता आलं असतं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

"खार बेताचा आहे," मी म्हणाले. "मिरी कमी पडलीय."

बाकीच्या तिघींच्या माना खाली गेल्या. काकूंनी स्वतः चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. मग मिरपुडीचा डबा माझ्या पुढ्यात सरकवला.

"घाल मंग," त्या म्हणाल्या, "आन् कूट."