ज्युरीत बसलेली मावशी

माझी आई हेस्टर पेपरातल्या खटल्यांच्या बातम्या चुलीपुढं उभी राहून वाचायची आणि बटाटे करपवायची. कोण खोटं बोलतंय हे आपल्याला न्यायाधीशाआधी कळतं, असं तिचं म्हणणं. पण इंग्लंडमधल्या आमच्या यॉर्कच्या कोर्टात, आरोपी दोषी की नाही हे ठरवणाऱ्या ज्युरीवर बायका बसायला लागून तीनेक वर्षं झाली तरी तिला बोलावणं आलं नाही. घर नावावर असेल त्यालाच बोलवत, आणि आमचं घर बाबांच्या नावावर होतं.

बोलावणं आलं ते धाकट्या डॉर्कसमावशीला. ती टोप्या शिवायची, लग्न केलं नव्हतं. आजोबांचं छोटं घर तिला मिळालं होतं.

"तुला?" आई म्हणाली. "दूधवाल्यानं पाणी घातलं तरी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही!"

"मी कुठं मागितलं होतं, हेस्टर? मला तर भीतीच वाटतेय."

"मग नाही म्हण ना."

मावशी नाही म्हणाली नाही. ते आईला फार लागलं.

एका तबेल्यातल्या पोरावर मालकाचं खोगीर चोरल्याचा आरोप होता. आई प्रेक्षकांत जाऊन बसली. बारा जणांत दोनच बायका, त्यातली एक आपली बहीण, आणि न्यायाधीश तिच्याकडं वळून समजावून सांगतोय! आईचा नुसता जळफळाट झाला. संध्याकाळी ती मावशीच्या दारात हजर.

"चोरी पाहिली म्हणणाऱ्या त्या शेजाऱ्याला विचारायला लाव, अंधारात त्याला चेहरा दिसलाच कसा?"

"खटला चालू असेपर्यंत मला यावर बोलता येत नाही."

"अगं, सख्खी बहीण आहे मी तुझी!"

"आहेस. पण तिथं तू नाहीस, हेस्टर."

दुसऱ्या दिवशी आई कोर्टात गेली नाही. पोरगा सुटल्याचं तिला खाटकानं सांगितलं, वर मावशीचं कौतुकही केलं. आई मटण न घेताच परतली.

"अर्धं घर माझ्या नावावर करा," तिनं बाबांना सांगितलं. बाबा हसत सुटले. नाताळपर्यंत ती मावशीशी बोलली नाही.

पुढं बाबा गेले, घर आईचं झालं आणि एकदाचं बोलावणं आलं. ती शपथ घ्यायला उभी राहिली, तोच आरोपीच्या वकिलानं तिला ज्युरीत घ्यायला हरकत घेतली. कारण सांगायची त्याला गरज नव्हती. आई खाली उतरली आणि तडक मावशीच्या टोप्यांच्या दुकानात गेली.

"तुला का नाही गं काढलं?"

"मी घाबरट दिसते म्हणून असेल. तू सगळं ठरवून आल्यासारखी दिसतेस."

मावशीनं चहा केला. आई प्यायली, पण तिच्याकडं बघितलं नाही.