दाराकडं सरकणारं बस्कर

आमच्या सोहमला शाळेत बसवलं ढमाले बाईंनी. मला शाळेबाहेर काढलं, तेही त्यांनीच!

सोहम स्वमग्न आहे. गलका झाला की कानांवर हात, रोजचं काही बदललं की आकांत. हिंजवडीकडच्या दोन शाळांनी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून गोड हसून वाटेला लावलं. या गावच्या शाळेतही जमलं नाही, तर मी पोराला घेऊन परभणीला परत जायचं आणि यांनी एकट्यानं इथं कंपनीची कॅब चालवायची, असं ठरलेलं. पण ढमाले बाई म्हणाल्या, "ताई, तुमीच बसा की त्याच्या शेजारी."

बसले! पाचवीत सुटलेली शाळा मी पुन्हा पहिलीपासून सुरू केली. (या वेळी डबा स्वतःच करून.)

पण थोड्याच दिवसांत माझं बस्कर सोहमपासून हातभर लांब गेलं. मग शेवटच्या रांगेत. मग थेट दारात! लहानपणी मला दाराकडं बसवायचे ते काही कौतुकानं नव्हे.

घरी यांना म्हणाले, "बाई मला वर्गाबाहेर काढायला लागल्यात."

"बडबड केली असशील."

"एक शब्द काढला असेल तर शप्पथ!"

"मग अभ्यास कच्चा असेल," म्हणाले आणि भात कालवायला लागले.

मी मनावर घेतलं. सकाळी पाठ ताठ, तोंडावर बोट. बाईंनी विचारलं, "सात आणि पाच किती?" सगळ्यांत आधी माझा हात वर! "बारा, बाई!"

सोहमशेजारची चिमुरडी ओरडली, "बाई, ह्या काकू आमाला सांगूच देत न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी बस्कर व्हरांड्यात. त्यानंतर पार नळापाशी!

मी रडत यांना फोन केला. हे कॅब घेऊन धावत आले. दोघं बाईंपुढं हात जोडून उभे. "बाई, चूक माझी असेल, पण पोराचं नाव काढू नका!"

बाई आधी गोंधळल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "अवो ताई, तुमी एकदम गेला असता तर त्यानं शाळा डोक्यावर घेतली असती. म्हणून रोज थोडं थोडं सरकवत हुते."

"मग मला सांगायचं तरी!"

"तुमाला? तुमच्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतंय. त्याला लगेच कळलं असतं. बघा की आत."

खिडकीतून पाहिलं. शिपाईकाका घंटेकडं निघाले. चिमुरडीनं सोहमला खुणावलं. त्यानं कानांवर हात ठेवले, घंटा वाजू दिली, हात काढले. आकांत नाही, आई नाही!

मग तो बाहेर आला, नळापाशी गेला, भिजलेल्या बस्कराची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"आईची शाळा सुटली."

म्हणजे दुसऱ्यांदाही माझी शाळा अर्धीच राहिली! पण ढमाले बाई, तुमचे उपकार एक दिवस फेडणार. बाहेरून परीक्षेला बसेन, पास होईन, पेढे घेऊन तुमच्या वर्गात येईन. फक्त तेव्हा माझं बस्कर पहिल्या रांगेत टाका. आणि विचारायचंच झालं तर सात आणि पाच किती ते विचारा. तेवढं पक्कं पाठ आहे!