हंगामापुरती आगपेटी

दशरथभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरमोरीच्या बाजारात वांगी निवडत होतो. निवडलेली घेतली आणि बसस्टँडवर जाऊन बसलो... रडू आलं नाही. या वयात अशा फोनांची सवय होते. पण गावाची बस समोरून निघून गेली, तरी मी उठलो नाही.

आमच्याकडे मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन साफ होते, पहाटे गळलेली फुलं दिसतात. त्या आगीत जंगलातली रोपंही जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोडत मात्र कोणी नव्हतं. दशरथभाऊंनी सोडलं. गळणारी फुलं वरच्यावर झेलायला घरातली जुनी लुगडी एकमेकांना शिवून त्यांनी झाडाखाली कमरेच्या उंचीवर बांधली. गाव हसलं. शाळामास्तर असून मीही हसलो आणि शेजारच्या माझ्या झाडाखाली नेहमीप्रमाणे काडी लावली. वारा फिरला. त्यांची लुगडी माझ्या डोळ्यांदेखत जळाली. त्यांत एक त्यांच्या आईचं होतं, हे नंतर कळलं. त्याची लाज मला अजून वाटते.

शिव्या खायच्या तयारीनेच मी गेलो. ते म्हणाले, "जळलं ते जळलं, गुर्जी. बाईजवळ जुने लुगडे असतीन तं द्या. अन् तुमची आगपेटी माह्याजवळ ठेवा. फुलं सरले का वापस देतो."

"काऊन? मी आता आग लावीन का?"

"तुमचा भरोसा नाई."

माझ्या बायकोने तीन लुगडी दिली, तिचं पाहून इतर बायकांनी दिली. राख-माती न लागलेली फुलं त्याच बायका आता वाळवतात, लाडू करतात, गडचिरोलीपर्यंत विकतात. पूर्वी सगळा मोह पोत्यांनी व्यापाऱ्याकडे जायचा. बाहेरचे पाहुणे येऊन हे कसं सुचलं विचारू लागले, की दशरथभाऊ गोठ्यात जाऊन बसत. माझी आगपेटी मात्र दर फाल्गुनात न चुकता नेत, आणि मी विडी पेटवायला त्यांच्या चुलीपाशी जाई.

यंदा फुलं गळू लागली... आगपेटी मागायला कोणी आलं नाही. त्यांच्यामागे पुन्हा कोणी काडी लावेल, ही धास्ती होती, आणि पहिलं नाव मला माझंच आठवत होतं. तिसऱ्या दिवशी मी आपणहून आगपेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सुनेने कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे सात-आठ आगपेट्या आधीच ओळीने ठेवलेल्या होत्या.

"तुमचीच राह्यली होती, गुर्जी," ती म्हणाली.