दीड व्होल्टची रॅम

"कोट्यावाल्यांच्या हातात मशीन दिली की असंच होतं."

सर हे शेठला बोलले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले. स्कॉलरशिपचा फॉर्म आला की भर वर्गात "एससीवाले खड़े हो जाओ" म्हणणारे. तीन वर्षं उभी राहिले मी. आणि शेठ म्हणजे माझे मालक. बुऱ्हाणपुरात कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान त्यांचं. जैनाबादहून पूल ओलांडून मी रोज कामाला जायची. काम सगळं माझं, पण बसायचं पडद्यामागे. गिऱ्हाईक आलं की तोंड बंद. दुरुस्त झालं तर शेठनी केलं, बिघडलं तर मी.

सरांना लॅपटॉपची रॅम वाढवून पाहिजे होती. मी मागचं झाकण खोलून रॅमची जुनी पट्टी बघितली आणि शेठला सांगितलं, ह्याला कमी व्होल्टची लागते, एक पॉइंट पस्तीसची. शेठकडे पडली होती दीड व्होल्टची.

"खाच तीच आहे ना? बसते ना? मग लाव चुपचाप."

दोन्हींची खाच एकाच जागी असते, म्हणून बसते. बसली म्हणजे चालली असं नसतं. मी बोलले, शेठ, हा लॅपटॉप ती घेणार नाही. "तू मला शिकवशील?" म्हणाले. जुनी काढून ड्रॉवरमध्ये टाकली, ही स्वतःच दाबून बसवली आणि लॅपटॉप चालू करून न बघताच सरांना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सर परत. स्क्रीन काळीठिक्कर.

"पोरीने लावली, सर," शेठ बोलले. त्यावर सर ते कोट्याचं बोलले. मग शेठ माझ्याकडे वळले, "चल, माफी माग सरांची."

खरं सांगते, माफी ओठांवर आली होती. सवयच होती ना तशी. गिळली मी ती.

पेचकस घेऊन काउंटरवर गेले. सरांसमोर झाकण खोललं. पट्टी काढून तिचं लेबल त्यांच्या नाकासमोर धरलं.

"वाचा, सर. दीड व्होल्ट. ही शेठनी लावली. मी नको म्हटलं होतं."

ड्रॉवरमधून त्यांची जुनी पट्टी काढून लावली. बटन दाबलं. झाला चालू.

"ठीक है, ठीक है. हो जाता है," सर म्हणाले.

"काय ठीक? माझ्या जातीवर बोललात, ते परत घ्या."

"बहुत बोलती हो." लॅपटॉप बगलेत मारला आणि गेले. शब्द काही परत घेतला नाही.

शेठ ओरडले, "कल से मत आना!" मी कलची वाट कशाला बघू? तशीच निघाले.

घरी आई बोलली, "काहून भांडली? मागून टाकायची माफी. काय जातं आपलं?"

लई राग आला मला आईचा. जातं ना, आई! तेच तर जातं. तुझं गेलं, आजोबांचं गेलं. सांडलं दुसऱ्यांनी, पुसलं आपण.

माझी चूक झाली तर चारचौघांत कान धरीन. दुसऱ्याची एकही चूक ह्यापुढे अंगावर घेणार नाही. शेठ असो, सर असो, ज्याची त्याला तोंडावर सांगीन, नाव घेऊन. अशा आणखी दहा नोकऱ्या गेल्या तरी सांगीन.